शेठसाठी कच्छची वाळू

लोक कच्छला पांढरं रण बघायला जातात. चांदण्यात उंटावर बसतात, आरसे लावलेल्या पिशव्या घेतात आणि परत आल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून आपला जीव खातात. मी आणि माझी नणंद कच्छला गेलो ते वाळू आणायला. हो, वाळूच. नवी मुंबईत जिथं बघाल तिथं बांधकाम, रस्त्यावर वाळूचे ढीग, चालताना चपलेत शिरते ती वेगळीच. ती सोडून दुसऱ्या राज्यातली आणायची. मी घरी सांगितलं तेव्हा आमचे हे तुर्भ्याच्या भाजी मार्केटातून नुकतेच आले होते. पिशवीतली मेथी काढत म्हणाले, "जा. येताना थोडे दगडपण आण, कमी पडतायत."

तर गेलो, आणि आलो. आता जो तो विचारतो, रण कसं होतं? रण मी बघितलंच नाही. जे बघितलं ते सांगते.

सीवूड्स

सुशीलावन्सं माझ्यापेक्षा मोठ्या. त्यांचा मुलगा प्रशांत, त्याचा रबाळ्याला अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक गाळा आणि एक कटर मशीन, पण वन्सं कारखानाच म्हणतात आणि आपण मान डोलवायची. घणसोली गावातल्या भाड्याच्या खोल्या सोडून हे लोक सीवूड्सला टॉवरात राहायला गेले. वास्तुशांतीला एक वास्तुवाला आला. पांढरा झब्बा, हातात होकायंत्र. संडासात उभं राहून उत्तर दिशा शोधणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. त्याचा निकाल असा, की उत्तरेला जलतत्त्व कमी पडतंय, तिथं जिवंत कासव ठेवा. पुढच्या खेपेला पुठ्ठ्याच्या खोक्यातून कासव घेऊनच आला. काळी पाठ, तिच्यावर पिवळ्या चांदण्या काढल्यासारख्या. दिसायला फार देखणं, खोटं कशाला बोलू. पण हे कासव पाण्यात राहतच नाही, कोरड्या रानातलं आहे. पाणी कमी म्हणून पाण्याशी संबंध नसलेलं जनावर आणलं, आणि एवढी शिकलेली माणसं, एकानंही विचारलं नाही.

मी विचारलं. शिवाय सांगितलं, की असलं कासव घरात पाळणं गुन्हा आहे, मी पेपरात वाचलंय. प्रशांत म्हणाला, "मामी, टेन्शन नका घेऊ. सगळेच ठेवतात."

जळ्ळं ते सगळेच!

कासवाचं नाव ठेवलं शेठ. हॉलच्या उत्तर कोपऱ्यात मोठी काचेची पेटी, आत बारीक पांढरी वाळू, प्लॅस्टिकचं खजुराचं झाड आणि एक प्लॅस्टिकचा उंट. वाळवंटातलं जनावर ना, त्याला घरच्यासारखं वाटायला नको? सोसायटीतली माणसं दर्शनाला यायला लागली. दोन नव्या ऑर्डरी आल्या, त्या शेठमुळे. सुनेला बढती मिळाली, तीही शेठमुळे. लिफ्ट बंद पडली ती मात्र बिल्डरमुळे.

वन्संचं वेगळं होतं, ते कबूल करायला पाहिजे. त्यांना ऑर्डरींशी घेणंदेणं नव्हतं. आमच्या साताऱ्याकडं काय, इकडं काय, देवळात शिरलं की गाभाऱ्यासमोर जमिनीवर दगडी कासव असतं. आधी त्याला हात लावायचा, मग देवाला. वन्सं म्हणायच्या, "जन्मभर दगडाच्या कासवाच्या पाया पडले. आता जिवंत आलंय घरी, त्याला उपाशी ठेवू व्हय?" म्हणून रोज शेठला नैवेद्य. पाठीला हळदकुंकू. ओल्या बोटानं वाळूवर चौकोन काढायचा, जसा आपण ताटाखाली पाण्याचा काढतो तसा. ताट मात्र नाही. वास्तुवाल्यानं सांगितलेलं, रानातलं जनावर आहे, मातीवरच जेवणार. त्या चौकोनावर काकडीचा कीस, भिजवलेली डाळ, सणाला पुरणपोळीचा तुकडा. वन्सं हात जोडून उभ्या, आणि शेठ जेवतोय. पुढंपुढं तर वन्सं नुसत्या दिसल्या की शेठ वाळूत तोंड घालायचा.

असं दीडदोन वर्षं चाललं. मग शेठचं जेवण सुटलं. डोळे मिटून एका कोपऱ्यात पडून राहायला लागला. मागचे पाय ओढायला लागला. वन्संनी माझ्यासमोर डोळ्याला पदर लावला तेव्हा मी म्हटलं, जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. तर प्रशांत म्हणाला, कसं नेणार, विचारलं कुणी तर? म्हणजे सगळेच ठेवतात, पण आजारी पडल्यावर कुणीच नेत नाहीत. त्यांनी बोलावलं वास्तुवाल्याला. त्यानं काचेवर हात ठेवून डोळे मिटले आणि सांगितलं, "याला परकी वाळू बाधलीय. याची भूमी कच्छ. तिथली वाळू आणून पेटीत घाला, आठ दिवसांत उठेल."

प्रशांतला कारखाना, सुनेला ऑफिस, वन्संना एकटीला पाठवायची कुणाची छाती नाही. मग मामी आहेच की रिकामी.

भूज

प्रवासाचं काही सांगत नाही. आगगाडी होती, आम्ही बसलो, उतरलो. वन्संनी सोबत गोधडीच्या कापडाची मोठी पिशवी शिवून घेतली होती, देवाची वाळू प्लॅस्टिकमध्ये कशी आणायची म्हणून.

भूजमध्ये दाबेली खाल्ली. आपल्याकडे प्रत्येक स्टेशनाबाहेर जो तो 'अस्सल कच्छी' म्हणून विकतो, ती. इथली खरंच वेगळी निघाली, मसाला तिखट आणि पाव न भाजलेला. वन्सं म्हणाल्या, "आपल्या घणसोलीतली बरी." मग कशाला एवढं लांब यायचं, असं तोंडावर आलं होतं, पण दाबेली तोंडात होती.

हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाला वन्संनी हिंदीत विचारलं, "भाईसाब, इधर अच्छी रेती किधर मिलती?" त्यानं मोठ्या आदबीनं बांधकाम सामानाच्या दुकानाचा रस्ता दाखवला. डिलिव्हरी पण देतात म्हणाला. वन्संना राग आला. मला इतकं हसू आलं की मी बाहेर जाऊन उभी राहिले.

मग टॅक्सी केली. वन्संनी ड्रायव्हरला मोबाइलमधला शेठचा फोटो दाखवला आणि हे कासव जिथं रानात फिरतं तिथली वाळू पाहिजे म्हणून सांगितलं. त्यानं फोटो बघितला, आम्हा दोघींना बघितलं आणि म्हणाला, "बैठो."

समुद्राकडची पट्टी

पश्चिमेला नलियाच्या पुढं गेलो. सपाट मुलूख, नुकता पाऊस होऊन गेलेला, त्यामुळे गुडघाभर गवत आणि मध्येमध्ये उघडी वाळू. बाभळी, थोराची म्हणजे निवडुंगाची कुंपणं, आणि मोठमोठ्या पवनचक्क्या. मला वाटलं होतं वाळवंट म्हणजे कॅलेंडरवर असतं तसं, नुसते वाळूचे डोंगर. आमच्या माण तालुक्यातलं माळरान आणून समुद्राकाठी पसरावं, असं दिसत होतं ते. शेठच्या पेटीतला उंट आणि खजूर ज्यानं ठेवला त्याला इथं उन्हात उभा करायला पाहिजे.

राहिलो रतनबेनकडे. ड्रायव्हरच्या ओळखीची बाई, अंगणात दोन खोल्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या. उंच, खणखणीत आवाजाची. जेवायला बाजरीचा रोटला, लसणाची चटणी, कढी आणि गुळाचा खडा. रोटला आमच्या भाकरीचा थोरला भाऊ; जाड, आणि वर तूप ओतलेलं. वन्सं सीवूड्सला गेल्यापासून डाएटच्या भाकरी खातात, कागदासारख्या. इथं मुकाट्यानं सगळं खाल्लं आणि पुन्हा मागून घेतलं.

मी रतनबेनला विचारलं, इकडे असलं कासव दिसतं का? ती म्हणाली, "काचबो? दिखता है ना. बारिश में रोज. मेरा चीभडा खा जाता है." चीभडं म्हणजे वेलाचं काकडीसारखं फळ. आणि मग तिनं आम्हाला विचारलं, की तुम्ही त्याला घरात ठेवून करता काय? वन्संनी सांगितलं, पूजा. रतनबेननं कपाळावर हात मारला नाही, पण मारल्यासारखं केलं.

दुपार टळल्यावर आम्ही समुद्राकडे वाळू भरायला गेलो. वन्संनी चपला काढल्या, वाळूला नमस्कार केला आणि स्टीलच्या वाटीनं पिशवीत भरायला लागल्या. वाटीनं! मी पिशवीचं तोंड धरून उभी. तेवढ्यात मोटरसायकलवरून एक माणूस आला. गावचाच कुणीतरी असावा, पण आवाज फौजदाराचा.

"क्या कर रहे हो?"

"रेती लेती हूं," वन्सं म्हणाल्या.

"किसके लिए?"

"शेठके लिए."

झालं! माणसानं मोटरसायकल स्टँडला लावली. "कौन शेठ? कहां का शेठ? नंबर दो उसका." इकडे वाळूचोरांनी लोकांना वैताग दिलेला, आणि ही साठी उलटलेली बाई सांगतेय, मला मुंबईच्या शेठनं पाठवलंय. मी त्याला समजवायला गेले, की शेठ म्हणजे माणूस नाही, कासव आहे, तर तो जास्तच भडकला. शेवटी ड्रायव्हर धावत आला, दोघं आपापसात बोलले, आणि तो माणूस खो खो हसत निघून गेला. जाताजाता म्हणाला, "ले जाओ, ले जाओ." वन्संचे कान लाल. त्या पुन्हा वाटीनं भरायला लागल्या.

पिशवी भरली आणि तेवढ्यात प्रशांतचा फोन आला. "आई, शेठ आज हललाच नाही. डोळे पण उघडत नाही. तू लवकर ये." वन्संनी फोन ठेवला आणि वाळूवरच बसल्या. म्हणाल्या, "मंगल, जाईपर्यंत टिकंल ना गं तो?"

मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "ठाऊक नाही."

थोराचं कुंपण

गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. सकाळी रतनबेननं हाका मारून आम्हाला मागच्या अंगणात बोलावलं. "आओ, तुम्हारा भगवान आया है."

परसाच्या पुढं वाळूचा उतार, त्यावर गवताचे ठोंब आणि कडेला थोराचं कुंपण. थोराच्या बुडातून ते बाहेर येत होतं. आधी मला दगडच वाटला. शेठसारख्याच चांदण्या, पण पाठीवर चिखल वाळलेला आणि एका बाजूला जुना ओरखडा. वन्संनी माझा दंड घट्ट धरला.

"अगं, हे पोट उचलून चालतंय."

खरंच चांगलं ताठ चालत होतं. शेठला मी कधी असं चालताना बघितलं नव्हतं, तो सरकायचा. आम्ही दोघी थोड्या अंतरावर दगडावर बसलो आणि हललो नाही. ते कासव गवताच्या ठोंबापाशी थांबलं. मान लांब केली, वास घेतला. काडी मध्यावर तोंडात धरली, पुढचा पाय रोवला आणि मान मागं ओढली. गवताचं मूळ जमिनीत पक्कं. काडी ताणली आणि तुटली. तोंडात गवत, वाळू खालच्या खाली. मग दुसरी काडी. मग जमिनीवर पसरलेल्या वेलीचं पान, वर उचललेलं होतं तेवढंच. वाऱ्यानं उडालेलं एक पिकलं पान वाळूवर पडलं होतं. त्याचा वास घेतला आणि सोडून पुढं गेलं.

माझ्या माहेरी शेळ्या होत्या. आई कापून आणलेला पाला कधी खाली टाकायची नाही, गोठ्याच्या मेढीला, खांबाला, उलटा टांगायची. शेळी मान वर करून ओढून ओढून खाते. खाली टाकलेलं तुडवते आणि तोंड फिरवते. ते मी वन्संना सांगितलं. एरवी त्या म्हणाल्या असत्या, "आलं तुझं माणपुराण." आता त्यांनी कासवाच्या तोंडावरून नजर हलवली नाही.

कासवानं पुढं जाऊन एक पांढरा शंखाचा तुकडा उचलला आणि कडाकडा कुरतडला. "हे काय खातंय? वाळू न्हाई ना?" वन्संनी विचारलं. मी उठून बघितलं, गोगलगायीचा जुना शंख होता. तिथून ते खडकातल्या खळग्यापाशी गेलं, पावसाचं पाणी साचलेलं, त्यात तोंड घालून कितीतरी वेळ पीत राहिलं. आणि मग तिथंच शेपटी उचलून त्यानं घाण केली आणि चालायला लागलं.

आता शहरातल्या बाईनं नाक दाबलं असतं. मी काडी घेतली आणि ती लेंडी फोडली. आम्ही शेणात वाढलेली माणसं, आमचं सगळं निदान तिथूनच. वन्संही शेजारी उकिडव्या बसल्या. आत गवताचे लांब धागे, कसल्यातरी बीचं टरफल, आणि हो, वाळू. थोडे कण, धाग्यांत अडकलेले. म्हणजे रानातलं कासव वाळू खात नाही असं नाही. पाल्याला चिकटून चार कण जातातच. पण चोथा त्यांना घेऊन बाहेर पडतो.

"शेठनं बरेच दिवस घाणच केलेली न्हाई," वन्सं म्हणाल्या.

मग वन्सं त्या धाग्यांकडे बघत बसल्या. थोड्या वेळानं एकदम म्हणाल्या, "मंगल, मी पाण्याचा चौकोन काढायचे."

मला आधी कळलं नाही.

"ओली वाळू गं. तिच्यावर किसलेली काकडी. वाळूनं लडबडलेला घास. रोज. मी हात जोडून उभी ऱ्हायचे, आणि त्यानं चौकोन चाटूनपुसून साफ केला की मला बरं वाटायचं. देव जेवला म्हनून."

आयुष्यात कधी नव्हे ती मला वन्संना सुनवायची संधी आली होती. कासवाचं, वास्तुवाल्याचं, त्या प्लॅस्टिकच्या उंटाचं, सगळं साठवून ठेवलेलं. एक शब्द बोलवला नाही. त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. उठल्या, खोलीत गेल्या, वाळूची पिशवी ओढत बाहेर आणली आणि थोराखाली उपडी केली. रतनबेन बघत होती. तिला वाटलं, हे पण पूजेतलंच काहीतरी.

तिथूनच वन्संनी प्रशांतला फोन लावला. "पेटीतली वाळू काढ. आत्ताच्या आत्ता. कोमट पाण्याच्या परातीत ठेव त्याला, मान वर ऱ्हाईल एवढंच पानी. उन्हाला ठेव."

"अगं पण वास्तुसर म्हणालेत..."

"त्या मेल्याचं नाव काढू नको."

परत नवी मुंबईत

घरी आलो तेव्हा शेठ परातीत होता, जिवंत. वास्तुवाल्यानं फोनवर प्रशांतला सांगितलेलं, की वाळू न आणता परत येणं हा भूमीचा अपमान आहे, आता परिणामांना मी जबाबदार नाही. आधी कुठल्या परिणामांना होता, ते विचारायला पाहिजे होतं. पण तो आता फोनच उचलत नाही.

वन्सं म्हणाल्या, डॉक्टर. जवळच्या एका जनावरांच्या डॉक्टरनं शेठला गुंडाळलेला टॉवेल उघडून बघितलं आणि लगेच बंद केला. "ताई, हे मला हात लावता येत नाही. वनखात्याच्या उपचार केंद्रात न्या. आजच." मग गाडीत बसल्यावर प्रशांतचं सुरू झालं.

"आई, नीट ऐक. काल सकाळी पाम बीच रोडला चालायला गेलो होतो, कडेला सापडलं. एवढंच बोलायचं. मामी, तुम्ही पण. नाहीतर केस होईल. जामीन, वकील, कारखान्याचं नाव, सगळं येईल पेपरात."

वन्सं मांडीवर टॉवेल धरून बसल्या होत्या.

केंद्रात डॉक्टरीण होती, वयानं लहान, बोलायला तुटक. शेजारी टेबलाशी वनखात्याचा माणूस लिहायला बसलेला. तिनं शेठला उलटंसुलटं करून बघितलं.

"कधी सापडलं?"

"काल," प्रशांत म्हणाला. "पाम बीचला."

तिनं पाठीवरच्या खाचेतून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेलं लाल त्याला दाखवलं. "रस्त्यात पडलेल्या कासवाला कुंकू?"

"ज्याचं असेल त्यानं लावलं असेल."

"हे बघा," ती म्हणाली, "फोटो काढेन मी, पोटात काय आहे ते दिसेल. पण किती दिवस खाल्लं नाही, पाणी काय मिळालं, काय भरवलं, किती काळ, हे त्या फोटोत दिसत नाही. ते कळलं तर औषध नेमकं देता येतं. तुम्ही 'सापडलं' म्हणालात तर मी अंदाजानं सुरुवात करणार. आणि याच्यात तेवढा दम उरलेला नाही."

प्रशांतनं आईचा हात दाबला. मला दिसलं ते. वन्संनी हात सोडवून घेतला.

"सापडलं न्हाई. माझ्याच घरी होतं. मीच भरवलं, वाळूवर, रोज, वाळू ओली करून." मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. काकडी, डाळ, पुरणपोळी. घाण कधीपासून बंद झाली ते. ऊन लागत नव्हतं, प्यायला पाण्याचं भांडं नव्हतं, कारण जलतत्त्वासाठी नुसता पाण्याचा फोटो लावला होता भिंतीवर. डॉक्टरीण विचारत होती, वन्सं सांगत होत्या, आणि टेबलाशी तो माणूस लिहीत होता.

"आई, तो लिहितोय!"

"लिहू दे की. नाव नीट लिहा हो, सुशीला."

एक्स-रेत शेठचं अर्धं पोट पांढरं दिसलं. सगळी वाळू. डॉक्टरीण म्हणाली, वाळवंटात राहणारी कासवं वाळूनं मरत नाहीत, माणसाच्या घरी येऊन मरतात. रानात ती उभ्या झाडाचं तोडून खातात, अंग तापलेलं असतं, पोटात चोथा असतो. आणि कवचाला लागणारा चुना मिळाला नाही की वाळूत तो शोधत बसतात. हे सगळं आम्ही रतनबेनच्या परसात बघून आलो होतो, पण मी मध्ये बोलले नाही. शेठला त्यांनी आत नेलं. आम्हाला बाहेर जायला सांगितलं.

त्यानंतरचे दिवस काय सांगू. सोसायटीत शेठबद्दल हळहळ फार झाली. लक्ष्मी गेली म्हणाले. लक्ष्मीचं पोट वाळूनं भरलं होतं त्याचं कुणाला काही नाही. एका बाईनं तर वन्संना लिफ्टमध्ये गाठून विचारलं, "मावशी, तुमी कशाला खरं बोललात? आता आमाला पण भीती." त्यांच्याकडे कोपऱ्यात कायकाय आहे देव जाणे. प्रशांत आईशी धड बोलत नव्हता. वन्संचं जेवण तुटलं. मी कोपरखैरण्याहून रोज जायचे, दोन भाकऱ्या थापून द्यायचे, त्या अर्धी खायच्या. केंद्रातून फोन येत नव्हता आणि वन्संनी करायची सोय नव्हती. आरोपीला कोण सांगणार?

मग जबाबासाठी बोलावणं आलं. मी सोबत गेले. जबाब झाला, सही झाली. केस अजून चालू आहे, आणि प्रशांतचा वकील तिचं काय करील ते मला माहीत नाही. निघताना ती डॉक्टरीण पायऱ्यांवर भेटली. वन्सं तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या, पण विचारायचा धीर होईना. शेवटी तीच बोलली.

"सुटलंय पोट. वाळू येतेय बाहेर, अजून येईल. आणि आज सकाळी खाल्लं त्यानं."

"काय खाल्लं?"

"गवत. कुंडीत लावलंय आम्ही, उभं."

"स्वतः तोडून?"

"स्वतः."

वन्संनी कठडा धरला. त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना. मीच पुढं झाले, आणि मला कुणाला विनवायची सवय नाही, तरी हात जोडून म्हटलं, "मॅडम, एकदा बघू द्या यांना. लांबून. नुसतं लांबून."

डॉक्टरीण जरा घुटमळली. मग म्हणाली, "या. एकच मिनिट."

"नको," वन्सं म्हणाल्या. "मला बघितलं की तो खाली वाळूत तोंड घालतो."